ताप मोजता, तसा श्वासही मोजा



वारीची माणसे माघारी आली, बेंदूर झाला. पाटण-जावळीकडे भाताची लावण उरकत आली आणि खाली कडेगाव-तासगावकडे भांगलणीची धांदल सुरू झाली. दर वर्षी याच दिवसांत घराघरांत शिंका आणि खोकला सुरू होतो. पोर पावसात भिजले म्हणून आजारी पडले, असे आपण म्हणतो. खरे कारण वेगळे आहे. सर्दी, फ्लू, करोना हे सगळे विषाणूंचे आजार. एकाच्या खोकल्या-शिंकेतून आणि हातातून ते दुसऱ्याकडे जातात. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद, सगळे घर एका सोप्यात, चुलीपाशी दाटीवाटीने बसलेले, म्हणून त्यांचे फावते. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात अधिक असतो आणि पुष्कळदा थंडी सरता सरता तो पुन्हा डोके वर काढतो.

या आजारांत बहुतेक माणसे आपोआप बरी होतात. त्यांना दवाखान्याची गरज लागत नाही. म्हणूनच खरी अडचण होते. घरातले पाच जण खोकत असतात, त्यातले चार चौथ्या-पाचव्या दिवशी उठून कामाला लागतात, आणि पाचव्याचा आजार छातीत उतरत असतो तरी आपल्याला वाटते, हाही उद्या उठेल. हा पाचवा कसा ओळखायचा, एवढेच आज सांगायचे आहे.

आपण कपाळाला हात लावून बघतो. ताप चढला की घाबरतो, उतरला की निर्धास्त होतो. पण माणूस दगावतो तो बहुधा तापाने नव्हे, श्वास अपुरा पडल्याने. आणि श्वासाकडे आपण बघत नाही. नवल असे, की गोठ्यात आपली नजर बरोबर तिथेच जाते. गाईने वैरण सोडली, रवंथ थांबला, भकाळी उडू लागली, की धार काढतानाच कळते आणि सकाळच्या चहाआधी जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. घटसर्पाची घरघर तर अंगणातून ऐकू येते. तीच नजर पाळण्याकडे आणि आजोबांच्या बाजेकडे वळवायची आहे.

आधी साधी सर्दी घेऊ. ती हळूहळू येते. घसा खवखवतो, नाक गळते, शिंका येतात, अंग थोडे कोमट लागते. पोर चिडचिडे होते, पण खेळते, भाकरीचा तुकडा मागते. पाच-सात दिवसांत नाक सुकते. खोकला मात्र कधी कधी दोन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरू नये.

फ्लूची चाल निराळी. तो अचानक येतो. सकाळी फडात ऊस बांधणारा गडी संध्याकाळी गोधडी घेऊन पडतो. थंडी वाजून १०२-१०३ पर्यंत ताप, डोके ठणकते, कंबर-पिंढऱ्या कोणी काठीने झोडपल्यासारख्या दुखतात, खोकला कोरडा. ताप तीन ते पाच दिवस राहतो, अशक्तपणा पंधरा दिवस सोडत नाही. करोनाची सुरुवात या दोन्हींसारखी होऊ शकते. २०२० आणि २०२१ साली वास आणि चव जाण्यावरून तो ओळखू यायचा, आता ती खूण फारशी भरवशाची राहिली नाही. लक्षणांवरून फ्लू की करोना हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याला तपासणीच लागते. घरच्यांनी त्या नावाच्या वादात पडू नये. नाव काहीही असो, छातीत उतरला की नाही, हे बघावे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे जरा वेगळे असते. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा एक विषाणू, डॉक्टर त्याला आरएसव्ही म्हणतात, बाळाच्या बारीक श्वासनळ्या सुजवतो. दोन-तीन दिवस नाक गळते आणि मग छातीत सूं सूं, घरघर सुरू होते. बाळ अंगावर प्यायला लागते आणि दम लागून सोडून देते. बाळाने पिणे सोडले ही गोष्ट आईला सगळ्यांत आधी कळते. “माझे बाळ पीत नाही” असे सून म्हणाली, तर सासूबाईंनी ते नखरे समजू नयेत. त्या घरात त्या दिवशी तेवढे महत्त्वाचे दुसरे काही नाही.

आता श्वास मोजायचा कसा, ते नीट वाचा. बाळ शांत हवे. रडताना, पिताना मोजू नये; झोपले असेल तर उत्तमच. अंगडे वर करा. पोट-छाती एकदा वर आली आणि खाली गेली की एक श्वास. घड्याळात किंवा मोबाइलवर पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असले, तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत आणि जगभर वापरले जातात. हा कागद कापून कॅलेंडरच्या मागे चिकटवला तरी चालेल.

ज्यांना मोजता येत नाही त्यांनी काय करायचे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कामकऱ्यांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया श्वासावरून ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवले. पुष्कळ सुईणी निरक्षर होत्या. त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’ या विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात या कामाचा अहवाल छापून आला. जिथे हे काम नव्हते त्या भागाच्या तुलनेत इथल्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी भरले. मोठे यंत्र नव्हते, मोठा दवाखाना नव्हता. सुईणीने बाळाच्या पोटाकडे मिनिटभर बघायचे आणि वेळेवर औषध द्यायचे, एवढेच. तुम्ही घरी दर दहा श्वासांना ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवा. सात महिन्यांच्या बाळाचा पाचवा दाणा मिनिट भरायच्या आत पडला, तर निघा.

मोजण्याखेरीज डोळ्यांनी दिसणाऱ्याही खुणा आहेत. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडा, आत ओढल्या जातात. आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच. नाकपुड्या फुलतात. बाळ कण्हते. ओठ निळसर दिसतात. पाजलेले सगळे ओकून टाकते, झटका येतो, किंवा हाक मारली तरी डोळे उघडत नाही. यातले एक जरी दिसले, तर आकडे मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला, किंवा उलट अंग गार पडले, तरी त्याच दिवशी दाखवावे. एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत थांबून बघणे नको.

मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो २४ च्या वर गेला तर दाखवावे, ३० च्या वर गेला तर गाडी काढावी. याहून सोपी पारख म्हणजे बोलणे. एक वाक्य एका दमात पुरे होत नाही, दोन शब्दांवर थांबावे लागते, परसापर्यंत जाऊन आले की भिंतीला टेकावे लागते, छातीत दाबल्यासारखे होते, ही सगळी इशाऱ्याची लक्षणे. आणखी एक फसवी खूण सांगतो. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, घरच्यांना हायसे वाटते आणि दोन दिवसांनी पुन्हा जोराचा ताप आणि पिवळा-हिरवा बेडका पडणारा खोकला सुरू होतो. याचा अर्थ विषाणूने वाट केली आणि मागून जिवाणू घुसले. अशा वेळी ‘परवा तर बरा झाला होता’ म्हणून थांबू नये.

म्हाताऱ्या माणसांत तर ताप येईलच असे नाही. आजी नेहमीचे जेवत नाही, दिवसभर झोपून आहे, भलतेच काही बोलते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते, मोरीत तोल जाऊन पडते. ‘वय झालं’ असे म्हणून आपण सोडून देतो. कालपर्यंत ठीक असलेल्या माणसात एक-दोन दिवसांत असा फरक पडला, तर ते वय नव्हे, आजार आहे. साखरेचा, दम्याचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी आणि गरोदर बाई, यांनाही फ्लू जड जातो. त्यांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे, कारण फ्लूवर जे औषध आहे ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त गुण देते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२० नंतर पुष्कळ घरांत आला. आशाताईंकडेही असतो. करोनात असे दिसले, की रक्तातला प्राणवायू कमी झालेला असूनही काही माणसे गप्पा मारत बसलेली असायची, त्यांना धाप जाणवायचीच नाही. तिथे हे यंत्र कामी आले. बोट कोमट करून, मेंदी किंवा नखरंग नसलेल्या नखावर लावा आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. ९५ आणि वर ठीक. ९४ किंवा कमी आला तर डॉक्टरांना दाखवा. ९० च्या खाली म्हणजे तातडी. मोठे माणूस बसून ठीक वाटत असेल, तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालवून पुन्हा बघावे. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीन अंशांनी घसरला, तर छातीत काहीतरी चालले आहे. चालताना धाप लागली तर तिथेच थांबवावे. यंत्र नसले तरी अडत नाही, बोलण्याची आणि मोजण्याची पारख आहेच.

आपल्या दोन जिल्ह्यांनी हे सगळे जवळून पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात (ज्याचे नाव २०२५ मध्ये ईश्वरपूर करायचे ठरले) परदेशातून आलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना करोना निघाला आणि आठवड्याभरात त्यांच्या घरचे आणि निकटचे मिळून सुमारे पंचवीस जण बाधित ठरले. लहान मूलही त्यात होते. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले आणि बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले. त्या दिवसांत लोक त्या घराकडे बोट दाखवत होते. मला विचाराल तर बोट दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते. लक्षणे दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा विषाणू पसरू लागतो, आणि एका ताटात जेवणारे, एका खोलीत निजणारे कुठलेही घर असते तरी हेच घडले असते. पुढे देशभर पसरलेले खानापूर-आटपाडीचे गलाईवाले आले, मुंबईहून माथाडी आले, आणि प्रत्येक गावाला हा अनुभव आला. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट राज्यात बाकी ठिकाणी ओसरली, तरी सातारा, सांगली आणि कोल्हापूर मात्र ऑगस्टपर्यंत निर्बंधांत राहिले. कोणत्या घरातून कोण गेले, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

त्याही आधी, १९१८ साली, याच फ्लूने देश झोडपला. जूनमध्ये मुंबईत आला, पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा उसळला, आणि ऑक्टोबर महिना मुंबई इलाख्याला सर्वांत वाईट गेला. हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. आपल्याकडे त्याला ‘मानमोडी’ म्हणत. विशेष म्हणजे त्यात म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे आणि गरोदर बाया अधिक गेल्या. त्या वेळी फुप्फुसात मागून घुसणाऱ्या जिवाणूंवर औषध नव्हते, खाटेजवळ प्राणवायू नव्हता. आज कराड, सातारा, मिरज, सांगली इथे दोन्ही आहे. फक्त तिथे पोचायला हवे.

पोचणे म्हणजे काय, हे कोयनेकाठच्या वाडीवर किंवा जतच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. दिवेलागणीला पोराचे पोट उडायला लागते. शेवटची एसटी गेलेली. पाऊस. घरात म्हणतात, रात्र काढू, सकाळी बघू. माझे स्पष्ट मत आहे, की श्वासाची खूण दिसली तर सकाळची वाट बघू नये. रात्रीत लहान मूल फार लवकर थकते. १०८ क्रमांकाला फोन करावा, रुग्णवाहिका पोचायला वेळ लागत असेल तर गावातली जीप काढावी आणि वाटेत गाठायचे ठिकाण फोनवरच ठरवावे. याउलट नुसता ताप आहे, पोर पाणी पिते, हसते, श्वास मोजून ठीक भरतो, तर रात्र घरी काढायला हरकत नाही. दर तीन-चार तासांनी उठून श्वास पुन्हा मोजावा.

घरी काय करावे? पेज, वरणाचे पाणी, ताक, जे रुचेल ते थोडे थोडे. बाळाला अंगावरचे दूध वरचेवर. तापाला पॅरासिटामॉल, मुलाला वजनाच्या मापाने, डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही नको. मोठ्यांनी गवती चहा, आले, तुळस जरूर घ्यावी, घसा शेकतो, बरे वाटते. मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीची धुरी खोकला असेपर्यंत बंद ठेवा, बाळाच्या छातीला धूर अजिबात सोसत नाही. नाकात तेल घालणे, पोटावर बिब्बा घालणे, हे तर कायमचे सोडा. वाफारा द्यायचा तर मोठ्यांनाच. उकळते पातेले पोराच्या अंगावर सांडून भाजल्याची दुखणी सर्दीपेक्षा फार वाईट.

औषधांचा हट्टही जरा आवरा. डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या, की आपण विचारतो, सलाईन नाही लावणार? तोंडाने पिता येत असेल तर साध्या सर्दीतापात सलाईनने काही जास्त ताकद येत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूंना नाही. मेडिकल दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइड घेणे तर सरळ धोक्याचे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने जी माणसे डोळ्याला, जबड्याला मुकली, त्यांतल्या पुष्कळांना साखरेचा आजार होता आणि स्टिरॉइड पोटात गेलेले होते. लहान मुलांना खोकल्याची पातळ औषधे स्वतःहून देऊ नका. २०२५ साली मध्य प्रदेशच्या छिंदवाडा भागात असल्याच एका दूषित औषधाने मुले दगावली.

दोन-तीन गोष्टी सर्दी-फ्लूसारख्या भासतात, पण त्या नसतात. जोराचा ताप आणि अंगदुखी आहे, पण नाक-घसा स्वच्छ, खोकला नाही. तिथे डेंग्यू, हिवताप यांचा विचार करून रक्त तपासावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटते. थुंकी क्षयासाठी तपासावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. आणि द्राक्षबागेत किंवा भाजीवर फवारणी करून आलेल्या माणसाला दम लागला, तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, तर ती विषबाधा. कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

बाळांच्या लसीकरणात न्यूमोनियाची पीसीव्ही लस आता मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पुरे झाल्यावर. मातृ-बाल कार्ड काढून बघा, तिथे शिक्का नसेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत विचारा. उसतोडीचा हंगाम लागला की फडाशेजारी कोप्या पडतील. तिथल्या पोरांची कार्डे बहुधा गावी राहिलेली असतात, तेव्हा आशाताईंना त्या कोप्यांची वाट तुम्हीच दाखवा.